शेपट्या बघणारी रायली

रायली तुओमेलाचं नाव काढलं की आमच्या पंचक्रोशीत दोन वर्षं एकच वाक्य ऐकू यायचं, "तीच ना, जिच्या हाताखाली यालमारीच्या डुकरांनी एकमेकांच्या शेपट्या खाल्ल्या?" मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हणायचे. माझा नवरा आर्वी म्हणतो, देवाने आमच्या फिनलंडच्या लोकांना शब्द मोजून दिले, पण वाटपात काहीतरी गफलत झाली आणि गावाचे निम्मे एकट्या हिल्काच्या पदरात पडले. हिल्का म्हणजे मी. आणि एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदाच बोलतो, तेही माझ्यावर.

रायली बदलीवाली. आम्ही जनावरंवाले सुट्टीवर गेलो की आमच्या जागी काम करायला पालिकेची कचेरी माणूस पाठवते, त्यातली एक. तीस वर्षं तिने गाईंची बदली केली. मग एकेक करत दुधाचे गोठे बंद पडले, आणि सत्तावन्नाव्या वर्षी कचेरीने तिला डुकरांकडे वळवलं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. लाल रंगाची खटारा गाडी, स्वतःचे बूट, स्वतःचा थर्मास, कागदात गुंडाळलेली राईची भाकरी आणि काकडी. ज्या घरी काम करेल त्या घरची कॉफीसुद्धा घ्यायची नाही. गर्विष्ठ आहे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

तिची पहिली डुकरांची बदली यालमारीकडे झाली आणि तिथेच घात झाला. यालमारीची बायको ओर्वोक्की माझी कॉफीची मैत्रीण. ती हे प्रकरण दर महिन्याला नव्याने सांगायची.

"अकरा शेपट्या गेल्या, हिल्का! अकरा! आणि बाई म्हणते कशी, कसं झालं मला कळलं नाही."

"मग काढली का नाही तिला?"

"पहिलीच तक्रार म्हणून समज देऊन सोडलं. आता आणखी एक आली की कायमची घरी. साठीला टेकलीय, मग कोण विचारतंय तिला!" एवढं बोलून ओर्वोक्की वेलचीच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवायची.

हे शेपट्यांचं दुखणं आमच्या धंद्यातलं सगळ्यांत वाईट. कितीतरी देशांत पिल्लाची शेपटी लहानपणीच उडवतात, म्हणजे पुढे कटकट नको. आमच्याकडे कायद्यानेच बंदी. शेपटी अख्खी ठेवायची, तर डुक्करही सुखात ठेवावं लागतं. डुक्कर दिवसभर उकरणारं, चावणारं, नाक खुपसणारं जनावर. त्याला उकरायला काही मिळालं नाही, थंड झोत लागला, पोट बिघडलं, की ते शेजाऱ्याची शेपटी तोंडात धरून बघतं. एकदा रक्ताची चव लागली की अख्खा कप्पा वेडा होतो. म्हणून आम्ही पेंढा देतो, झाडाचे ओंडके देतो, दोर टांगतो. आर्वीला हे बावीस वर्षं न बोलता जमत होतं. शेडमध्ये चोवीस कप्पे, कप्प्यात दहा-दहा डुकरं, आणि बावीस वर्षांत चावाचावी म्हणावी अशी एकदाही झाली नव्हती.

बावीस वर्षांत आम्ही सलग आठ दिवस सुट्टीही घेतली नव्हती. आर्वीला साठावं लागलं तेव्हा लेकीने परस्पर तेनेरिफे बेटाची तिकिटं काढून हातात ठेवली. समुद्र, ऊन, आठ दिवस. मी कचेरीत फोन केला. बदलीला कोण आहे विचारलं, तर म्हणे त्या आठवड्यात एकटी रायली मोकळी आहे.

मी फोन ठेवला आणि घाबरले. डुकरांसाठी घाबरले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मला पहिला विचार आला तो शेडच्या फरशीचा. ही बाई दहा घरं फिरते. आमची शेड बघणार, नाक मुरडणार, आणि उद्या दुसऱ्याच्या दारात उभी राहून म्हणणार, आर्वीकडे काय घाण होती हो! आता ती कुणाकडे चकार शब्द बोलत नाही हे मला ठाऊक होतं. तरीपण वाटलंच. आमच्याकडे घर झाडायला बाई लावली तर ती यायच्या आदल्या दिवशी आपणच घर झाडून ठेवतात. माझी आई तशी, तिची आई तशी, मी तरी वेगळी कशी निघणार?

दोन दिवस मी शेड धुतली. एकेका कप्प्यातली डुकरं बोळात काढायची, सगळा पेंढा खरवडून बाहेर फेकायचा आणि जोरदार फवाऱ्याने फरशी, भिंती, कठडे धुऊन काढायचे. अर्धवट चावलेले, लाळेने काळे पडलेले बर्चचे ओंडके बघून मलाच लाज वाटली. जाळून टाकले. कुरतडलेले दोर कापले. भिंतींना पांढरा चुना मारला.

आर्वी दारात उभा राहून बघत होता. "अगं, ती डुकरं सांभाळायला येतेय. फरशी बघायला नाही."

"बाई माणूस आधी फरशीच बघतं."

"मग डुकरांना चपला पण घाल."

"तू तुझी बॅग भर!" मी म्हटलं.

नवा पेंढा टाकायला त्याने गठ्ठा आणला, तोही मी परत पाठवला. म्हटलं, ती येऊन बघून जाऊ दे, मग टाक. ऑक्टोबर संपत आला होता. बाहेर पारा शून्यावर, शेड ओली, आणि चोवीस कप्प्यांतली डुकरं पांढऱ्या भिंतींकडे बघत उभी. मला मात्र असं झालं होतं की कुणीतरी येऊन एकदा वाहवा करावी.

रायली निघायच्या आदल्या दिवशी काम समजून घ्यायला आली. उंच, वाकलेली, डोक्याला करड्या लोकरीचा रुमाल. मी दार उघडून बाजूला झाले, आता काय म्हणते बघू या. ती सरळ आत गेली. प्रत्येक कप्प्यासमोर खाली उकिडवी बसली आणि डुकरांकडे मागून बघत राहिली. चोवीस कप्पे, चोवीस वेळा उठबस, आणि गुडघे कटकट वाजत होते.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"शेपट्या बघतेय." मग तिने फरशीला हात लावला. "ओली आहे."

"वाळेल की."

"ओंडके दिसत नाहीत."

"घाण झाले होते, टाकले."

तिने माझ्याकडे बघितलं. तिथे ती बोलली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण ती एवढंच म्हणाली, "पेंढा वापरू ना मी?"

"वापरा, पण बेताने. नाल्या तुंबतात. आणि शेड आहे तशी राहू द्या, आम्ही आलो की अशीच दिसायला हवी." काम करायला आलेल्या माणसाला हे वर सांगितलं, बघा! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेनेरिफेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आर्वी भाजून लाल झाला आणि मला सगळं महाग वाटलं. नवव्या दिवशी दुपारी घरी पोचलो. बॅगा अंगणातच टाकून मी शेडचं दार उघडलं आणि तशीच मागे सरले.

पेंढा गुडघाभर! बोळातसुद्धा पेंढा. आर्वीने वीस वर्षं जपून ठेवलेली शेतीची मासिकं फाडून कप्प्याकप्प्यांत पसरलेली. माझी कपडे वाळत घालायची दोरी तुकडे करून कठड्यांना टांगलेली आणि तिच्या टोकाला डुकरं लोंबकळत होती. आणि आमच्या सॉनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, मी उन्हाळ्यात बांधून माळ्यावर वाळत ठेवलेल्या बर्चच्या पानांच्या जुड्या? नाताळच्या न्हाणीला अंगावर मारून घ्यायच्या त्या? सगळ्या, सगळ्या डुकरांच्या तोंडात! दोन नाल्या तुंबलेल्या. चुन्याच्या भिंतींची रया गेलेली. आणि सात डुकरांच्या शेपट्यांना पाइनच्या झाडाचं, जखमेवर लावतात ते काळं डांबर फासलेलं.

रायली कोपऱ्यात फावडं घेऊन उभी होती. डोळे आत गेलेले, कोट तंबूसारखा अंगावर लटकत होता.

"हे काय करून ठेवलंय?" माझा आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला असेल.

"सातजणांना थोडं लागलं. गेली एकाचीही नाही," ती म्हणाली.

"लागलं कसं? बावीस वर्षांत आमच्याकडे लागलं नाही! तुम्ही आलात आणि आठ दिवसांत सात!"

"हो."

"हो काय? आणि माझ्या न्हाणीच्या जुड्या कुणाला विचारून घेतल्या?"

"पेंढा संपत आला होता. भरून देईन मी." मग ती आर्वीकडे वळली. "हे असंच राहू द्या. निदान दोन आठवडे. शेपटी वर वळलेली असली की ठीक. खाली लोंबली, पायांत गेली, की दोन-तीन दिवसांत काहीतरी होणार म्हणून समजा. रोज बघत जा."

"आम्हाला शिकवू नका!" मी म्हटलं. ती बूट काढून गाडीत बसून निघून गेली. स्वतःची बाजू मांडायला एक शब्द नाही. मला वाटलं, सांगायला तोंडच नसेल.

बॅगा उघडायच्या आत मी तक्रार लिहिली. शेड घाण केली, नाल्या तुंबवल्या, न विचारता वस्तू वापरल्या, सात डुकरं चावली गेली. माझं अक्षर चांगलं आहे. ही तिची दुसरी तक्रार, ही गेली की बाई घरी बसणार, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी पाकीट चिकटवलं आणि सायकलवरून जाऊन स्वतः पेटीत टाकलं.

मग शेड पुन्हा साफ करायला घेतली. आर्वी म्हणाला, "ती राहू दे म्हणाली होती."

"तू तिचा नवरा की माझा?"

तो गप्प बसला. एवढ्या वर्षांत त्याच्या गप्प बसण्याचा मला फायदाच झाला होता, पण त्या दिवशी त्याने फवारा माझ्या हातातून हिसकावून घ्यायला हवा होता. हे मी त्याला नंतर सुनावलंही. त्यावर तो म्हणाला, "मी अजून जगायचं म्हणतोय."

चौथ्या दिवशी सकाळी तो खाणं घालून परत आला आणि टेबलाशी न बसता उभाच राहिला. "हिल्का, शेपट्या खाली आहेत."

"कुणाच्या?"

"बऱ्याच जणांच्या."

मी उठलेसुद्धा नाही. पाचव्या दिवशी भिंतीवर रक्त होतं. पांढऱ्या चुन्यावर रक्त किती दिसतं, ते देवाने कुणाला दाखवू नये. नवव्या कप्प्यात एक डुक्कर कोपऱ्यात ढुंगण भिंतीला दाबून उभं होतं. त्याची अर्धी शेपटी गेली होती. बाकीची येऊन हुंगत होती आणि ते ओरडतही नव्हतं, नुसतं भिंतीला आणखी घट्ट चिकटत होतं. मी कठड्याला धरून रडले. हे जनावर माझ्या भरवशावर होतं हो.

आर्वीने त्याला आजारी जनावरांच्या कप्प्यात नेलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लहान वही होती. खिडकीच्या फळीवर रायली विसरून गेली होती. त्याने पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. आम्ही विमानात बसलो त्या सकाळची तारीख होती.

"फरशी ओली. ओंडके, दोर, पेंढा काही नाही. शेपट्या खाली, कप्पे १, ४, ५, ९, १७. आजपासून जे मिळेल ते घालायचं."

खाली रोजची नोंद. चौथ्या दिवशी पहिला चावा. सहाव्या दिवसापर्यंत सात. मग शेपट्या वर यायला लागल्या. आठव्या दिवशी लिहिलं होतं, "सगळ्या वर. फक्त ९ मध्ये दोन अजून खाली."

मी ते पान तीनदा वाचलं. चावाचावी तिच्या हाताने आली नव्हती. ती मी आणली होती, फवाऱ्याने धुऊन, आणि तिने ती आठ दिवस दोन्ही हातांनी थोपवून धरली होती. ती गेल्यावर मी पुन्हा आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तेही दोनदा.

फोन लावायला मला अर्धा तास लागला. आर्वी समोर बसून घड्याळ बघत होता.

"रायली, मी हिल्का. आमच्याकडे... चावाचावी झालीय."

"नववा?"

"नववा. आणि पाचव्यातही सुरू झालंय. तू येशील?"

"गुरुवारी माझ्या तक्रारीची बैठक आहे. तोवर कुठल्याच शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, असं कचेरीने सांगितलंय."

"म्हणजे येणार नाहीस."

"म्हणजे पगारावर येणार नाही. पेंढा मिळेल तिथून आणून ठेवा. निघाले मी."

वीस मिनिटांत लाल गाडी अंगणात उभी. गाडीत मागच्या सीटवर बर्चचे ताजे तोडलेले ओंडके आणि डांबराचा डबा. आमच्याकडे म्हणतात, डांबर, दारू आणि सॉना, या तिघांनी बरं होत नाही त्याला कबरस्तानच बरं. तिने मला शेजारी उकिडवं बसवलं.

"बघ. चावणारा कोण ते शोध."

"तो मोठा, धटिंगण?"

"तो नाही. तो बारका बघ. अंगाने वाळलेला, शेपटी मात्र कशी छान अख्खी. तो सगळ्यांच्या मागे मागे फिरतोय बघ. वाईट नाहीये तो. त्याला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये."

बारक्याला वेगळं काढलं, भरपूर गवत दिलं. जखमांना डांबर लावलं. पेंढा इतका टाकला की माझे बूट दिसेनात. सगळी दुपार आम्ही दोघी कोपरापर्यंत काळ्या झालो होतो. संध्याकाळकडे नवव्या कप्प्यातले दोघे एकाच ओंडक्याची दोन टोकं चावत बसले, तेव्हा कुठे ती पालथ्या बादलीवर टेकली.

मी विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी एवढी तोंड टाकून बोलले तेव्हा का नाही सांगितलंस, की बाई गं, हे तुझ्या धुण्यामुळे झालं?"

ती हाताचं डांबर पुसत राहिली. "तू ते माझ्यासाठी धुतलं होतंस. मी येणार म्हणून. कुणी माझ्यासाठी चुना मारलेला मला आठवत नाही."

"पण नोकरी जाईल ना तुझी!"

"जाईल बहुतेक. पण एका घरची बाई घर कसं ठेवते, हे मी कचेरीत सांगत बसले, तर दुसऱ्या घरची मला दार कशाला उघडेल? एवढंच तर आहे माझ्याकडे, की मी बोलत नाही."

मी तिला घरात चल म्हटलं, आणि तिने पहिल्यांदा आमच्या घरची कॉफी घेतली. तीन कप.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कचेरीत तक्रार मागे घ्यायला गेले. तिथली मुलगी म्हणाली, "नोंद झालीय मावशी. आता जे काय ते गुरुवारच्या बैठकीत बोला. सगळे असतातच तिथे."

"सगळे" म्हणजे तीन गावांचे जनावरंवाले. ज्यांनी आपली शेड घाण समजू नये म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला, तेच सगळे. घरी येताना मला वाटलं, चिठ्ठी पाठवावी. तब्येतीचं कारण सांगावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आर्वीला तसं म्हटलंही. गुरुवारी सकाळी माझा चांगला निळा ड्रेस इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने इस्त्रीला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

पालिकेच्या सभागृहात आमच्या रीतीप्रमाणे गुरुवारचं वाटाण्याचं सूप शिजत होतं. चाळीसेक माणसं. रायली मागच्या रांगेत दाराजवळ, मांडीवर कोट घेऊन, परक्या गावात गाडीची वाट बघत बसल्यासारखी. पुढे यालमारी आणि ओर्वोक्की. ओर्वोक्कीने मला हात केला, शेजारची खुर्ची राखून ठेवली होती. अध्यक्षांनी माझी तक्रार वाचली. माझी वाक्यं, माझ्याच चांगल्या अक्षरातली, दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानशिलं तापली.

"तक्रारदारांना आणखी काही बोलायचंय?"

मी उभी राहिले. "बोलायचंय. हे सगळं खोटं आहे. म्हणजे जे घडलं ते खरं, पण केलं मी. रायली यायची म्हणून मी शेड धुतली. पेंढा काढला, ओंडके जाळले, थंडीत ओल्या फरशीवर डुकरं उभी केली. का? तर तिने आमची घाण बघू नये म्हणून. तुम्ही बघू नये म्हणून. डुकरं चावायला लागली ती माझ्यामुळे. तिने ती आठ दिवस वाचवली. मग मी परत धुतली, आणि एकाची शेपटी गेली. तिच्यासारखी बाई या जिल्ह्यात दुसरी नाही, आणि मी मूर्ख आहे. लिहून घ्या."

आमच्या लोकांची शांतता तुम्ही ऐकली नसेल. चाळीस माणसं आणि सुपाचं भांडं तेवढं रटरटतंय. कुणी खोकेना. मला वाटलं, आता जमीन फाटावी. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

तेवढ्यात माझ्या शेजारी खुर्ची सरकली. ओर्वोक्की उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता आणि यालमारी तिची बाही धरून खाली ओढत होता.

"सोड," ती त्याला म्हणाली. मग समोर न बघता, टेबलाकडे बघत म्हणाली, "आम्हीपण धुतलं होतं."

"काय म्हणालात?"

"ती आमच्याकडे आली तेव्हा. दोन वर्षांपूर्वी. आम्हीपण सगळं धुऊन काढलं होतं. पेंढा नव्हता. त्यामुळेच चावाचावी झाली हे मला नंतर कळलं. यालमारीलाही कळलं. पण तोवर तक्रार देऊन झाली होती."

दोन वर्षं दर महिन्याला माझ्या स्वयंपाकघरात बसून अकरा शेपट्या मोजणारी ही बाई! मला तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. आणि त्याच क्षणी वाटलं, मीतरी काय, पाकीट पेटीत टाकलं नव्हतं का?

अध्यक्षांनी दोन्ही तक्रारींवर रेघ ओढली. "रायलीबाई, सोमवारपासून नेहमीसारखं," ते म्हणाले आणि मान वर करून दाराकडे बघितलं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

ती बाहेर पायरीवर बसली होती. थंडीने दगड गारठलेला, कोट तसाच हातात. मला वाटलं, आनंदाने बाहेर आली असेल. ती रडत होती. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मुलं रडतात तशी.

"रायली, अगं, झालं सगळं. सोमवारपासून कामावर. दोन्ही तक्रारी रद्द केल्या."

तिने मान हलवली. "तुझ्याकडे मला कळलं होतं. यालमारीकडे नव्हतं कळलं. मी गाईंकडून आलेली. डुकरांचं मला काय ठाऊक? फरशी ओली दिसली होती, पण ओल्या फरशीचा अर्थ कुठे कळत होता! मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं केलं. खाणं कमी पडलं असेल, दार उघडं राहिलं असेल. दोन वर्षं रोज सकाळी उठले की पहिली ती अकरा डुकरं दिसतात. म्हणून तर बसून बसून शेपट्या बघायला शिकले."

मी तिच्या शेजारी बसले. माझ्या निळ्या ड्रेसची इस्त्री गेली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "हिल्का, त्यांना माहीत होतं. मला एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तक्रार राहू दिली असती तरी चाललं असतं गं. फक्त मला सांगायला हवं होतं."

दार उघडून ओर्वोक्की बाहेर आली. तिच्या हातात वाटाण्याच्या सुपाचा वाडगा होता. तो तिने रायलीपुढे धरला. रायलीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, मग सरकून पायरीवर जागा केली.